वाल, पावटा की घेवडा? कडधान्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर पेणचं, सासर कोरेगावचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी "घेवडा निवडून ठेव" म्हणून सांगितलं आणि मी फ्रिजमधल्या हिरव्या शेंगा निवडून ठेवल्या. त्यांना हवा होता तो डब्यातला, लालसर रेघांचा, वाळलेला. तेव्हापासून कडधान्यांच्या नावांचा नाद लागला. नात्यातल्या नव्या सुना, परदेशातले भाचे, शेजारपाजारचे लोक जे जे विचारत आले, ते इथे एकत्र केलं आहे.

कडधान्य, डाळ आणि उसळ यांत नेमका फरक काय?

कडधान्य म्हणजे शेंगेतून निघालेला, वाळलेला, अख्खा दाणा. खेड्यात त्याला कडदण म्हणतात. हाच दाणा भरडून दोन भाग केले की डाळ. साल ठेवली तर सालीची, काढली तर धुतलेली. उसळ हे धान्याचं नाव नव्हे, पदार्थाचं आहे. अख्खं कडधान्य, बहुतेक वेळा मोड आणून, फोडणीला टाकलं की उसळ. म्हणून "मटकीची उसळ" ठीक, पण दुकानात जाऊन "अर्धा किलो उसळ द्या" म्हणणारा माझा भाचा पुण्यात हसू करून घेऊन आला.

सगळ्या कडधान्यांची डाळ होते, पण सगळ्यांची खाल्ली जात नाही. तुरीचं उलट आहे: आपल्याकडे ती वर्षभर डाळ म्हणूनच येते, अख्खी वाळलेली तूर शिजवणारं घर विरळा.

शास्त्राच्या दृष्टीने कडधान्य कशाला म्हणतात?

वनस्पतिशास्त्रात हे सगळं एकाच मोठ्या शेंगावर्गीय कुळात येतं. पण या कुळाचा पसारा ताटापुरता नाही. बाभूळ, पळस, पांगारा, चिंच, मेथी, गवार, ज्येष्ठमध हे सगळे त्याच कुळातले. शेंग हीच त्यांची कुळखूण.

व्यापाराच्या हिशेबात मात्र व्याख्या आखूड होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना फक्त वाळवून काढलेल्या दाण्यांनाच कडधान्य धरते. हिरवी शेंग तोडली की ती भाजी, आणि ज्यातून तेल काढतात ते तेलबी. म्हणून मटार भाजी, वाळलेला वाटाणा कडधान्य. सोयाबीन आणि भुईमूग बाहेर.

गंमत अशी की हाच भेद जैन स्वयंपाकात फार जुना आहे. त्यांच्याकडे द्विदल आणि न तापवलेलं दही-ताक एकत्र खात नाहीत. द्विदल कोणतं? ज्याच्या दोन समान फाका होतात आणि जे दळल्यावर तेल सोडत नाही ते. शेंगदाण्याच्या दोन फाका होतात, पण तो तेल सोडतो, म्हणून त्याला हा नियम लागत नाही.

मग वाल, पावटा आणि घेवडा एकच की वेगळे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि याच्यावरून भांडणंही होतात. उत्तर द्यायचं तर आधी विचारणाऱ्याचं गाव विचारावं लागतं.

वाल ही एक वनस्पती आहे, लॅबलॅब नावाची. तिच्या जाती मात्र भरपूर. रायगड-ठाण्याकडे भाताच्या कापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर जे लहान, तपकिरी, कडसर दाणे पिकतात ते कडवे वाल. मोड आणून, सोलून त्यांचं बिरडं होतं. सोललेल्या दाण्याला डाळिंबी म्हणतात, आणि तिचा डाळिंबाशी काही संबंध नाही. त्याच वनस्पतीच्या दुसऱ्या जातीचे दाणे मोठे, पांढरट, कडूपणा जवळजवळ नसलेले. ते गोडे वाल, आणि घाटावर पावटे. थंडीत पावट्याचे ओले दाणे वांग्यात घालतात. दाणे धरायच्या आधी तोडलेली चपटी शेंग म्हणजे वालपापडी किंवा नुसतीच पापडी. आणि हीच शेंग पुण्या-साताऱ्याकडे घेवडा म्हणून विकली जाते.

आता घोळ इथे सुरू होतो. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी. तिचा वालाशी भाऊबंदकीइतकाच संबंध. ती राजम्याची कोवळी शेंग. आणि आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा म्हणजे राजमाच. फिकट दाण्यावर लालसर पट्टे असतात म्हणून वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. म्हणजे "घेवडा" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वनस्पती आणि तीन वेगळ्या भाज्या आहेत.

माझा सल्ला: नाव विचारू नका, तीन गोष्टी विचारा. दाणा की शेंग? ओला की वाळलेला? आणि मोड आणायचे का? एवढं कळलं की भाजीवाल्या मावशी बरोबर तेच काढून देतात, नाव काहीही असो.

एक इशारा. वाळलेल्या वालात, विशेषतः कडव्यात, सायनाइड तयार करू शकणारे घटक थोड्या प्रमाणात असतात. रात्रभर भिजवणं, ते पाणी फेकणं, मोड आणून सोलणं आणि नीट शिजवणं या आजीच्या क्रमात ते निघून जातात. त्या क्रमातली पायरी वेळ वाचवायला गाळू नका.

कोण कोणाचा भाऊ, हे कळून स्वयंपाकात काय फायदा?

बराच. एकाच घरातली कडधान्यं सारखी वागतात, त्यामुळे नवं कडधान्य हातात आलं तरी त्याचं काय करायचं याचा अंदाज येतो. मी मनात चार घरं करून ठेवली आहेत.

पहिलं मुगाचं घर: मूग, मटकी, उडीद, चवळी. दाणा लहान, साल पातळ, भिजतो लवकर, मोड येतात झटपट, शिजायला कुकरची जबरदस्ती लागत नाही. मूग, मटकी आणि उडीद इथलेच, चवळी मूळची आफ्रिकेची. गोव्यात चवळीचा जाड दाणा आळसांदे म्हणून ओळखला जातो आणि त्याचं नारळाचं तोणाक, म्हणजे रस्सा, करतात. या घरातला उडीद तेवढा वेगळ्या स्वभावाचा. भिजवून वाटला की त्याला चिकटा सुटतो, तो हवा धरून ठेवतो, म्हणून इडली आणि दहीवडे फुगतात. मुगाच्या डाळीचे वडे चांगले होतात, पण तसे हलके नाहीत. हा चिकटा ज्यांना आवडतो त्यांनी सातारा-कराडकडचं उडदाचं घुटं खाऊन पाहावं. न आवडणाऱ्याने लांब राहावं, मधला मार्ग नाही.

दुसरं थंडीचं घर: हरभरा, मसूर, वाटाणा, लाख. हे पश्चिम आशियातून हजारो वर्षांपूर्वी आले, म्हणून आपल्याकडे ते रब्बीतच पिकतात, त्यांना थंडी हवी. "हजारो वर्षं" हे बोलायचं म्हणून नाही; शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन घरांत मसूर आणि कुळथाचे जळके दाणे सापडले आहेत. या घरात मसूर सर्वांत घाईचा, न भिजवताही शिजतो. कराड, इस्लामपूर, कोल्हापूरच्या ढाब्यांवर अख्खा मसूर जो मिळतो त्याची घट्ट रस्सेदार चव घरी येत नाही याचं कारण बहुतेक वेळा तेल कमी पडतं, एवढंच. वाटाण्यात पांढरा रगड्याला, हिरवा उसळीला, आणि काळा मालवणला. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी हे जोडपं मोडू नये.

तिसरं राजम्याचं घर: राजमा, वाघ्या घेवडा, फरसबी, डबल बी. हे सगळे अमेरिका खंडातून आले, पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोलंबस तिकडे पोचला त्यानंतर. दाणा मोठा, साल जाड, आणि कच्चेपणी घातक. याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

चौथं एकांड्या लोकांचं: तूर, वाल, कुळीथ. प्रत्येकाचा वंश वेगळा, पण तिघेही कमी पाण्यावर तग धरतात. तूर भारतातलीच, मध्य-पूर्व भारतात माणसाळलेली. विदर्भात थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांना सोले म्हणतात आणि सोलेभात करतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांनी तूर हिरवी असते हेच पाहिलेलं नसतं.

शेंगदाणा कडधान्य आहे का? मग उपासाला कसा चालतो?

वनस्पती म्हणून तो मुगाचा लांबचा नातेवाईकच. फूल जमिनीवर येतं, मग त्याचा देठ वाकून मातीत शिरतो आणि शेंग जमिनीखाली धरते. आपण खातो ते बी. पण वापराने तो तेलबी आहे, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला असल्यामुळे जुन्या कोणत्याही धर्मग्रंथात त्याला मना नाही. साबुदाणा, बटाटा, मिरचीचंही तेच. उपासाच्या ताटात परदेशी पाहुणेच जास्त आहेत.

शेवगा, काजू, कॉफी?

तिन्ही नाहीत. शेवग्याच्या शेंगेला आपण शेंग म्हणतो म्हणून फसतो, पण त्याचं कुळ निराळं. कॉफीची "बी" ही फळातली बी, काजू हेही एका फळाच्या टोकाशी लोंबणारं बी.

कोणतं किती वेळ भिजवायचं?

मूग आणि मटकी सहा ते आठ तास. चवळी, कुळीथ, वाटाणा रात्रभर. हरभरा, छोले, राजमा, वाल रात्रभर आणि वर थोडा वेळ. उन्हाळ्यात पाणी एकदा बदला नाहीतर आंबूस वास येतो. मसूर आणि डाळींना भिजवणं सोयीचं, सक्तीचं नाही. अर्धा तास पुरे.

रात्रभर भिजवूनही काही दाणे दगडासारखे राहतात. का?

त्यांना कुठे गणंग म्हणतात, कुठे कुचर. मटकीत आणि कुळथात हे जास्त. त्या दाण्याची साल पाणी आत घेतच नाही. शेतात हे त्याच्या फायद्याचं असतं, सगळे दाणे एकाच पावसात उगवून मेले तर वंश बुडेल, म्हणून काही मागे थांबतात. आपल्या दाढेला मात्र ते शिक्षा. भिजवल्यावर मोड आणायच्या आधी ताटात पसरून निवडून काढा, दुसरा उपाय नाही.

सगळंच कडधान्य शिजत नसेल तर कारण वेगळं. एक, ते जुनं आहे. उष्ण, दमट जागी वर्षभर पडलेला दाणा आतून घट्ट होतो, मग शिट्ट्या वाढवून उपयोग होत नाही. दोन, पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातले चुन्याचे क्षार सालीत बसतात. तीन, तुम्ही चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातलात. आंबट पदार्थ दाण्याला कडक ठेवतात, म्हणून आंबट नेहमी शिजल्यावर.

मिठाबद्दल मात्र आपला समज उलटा आहे. भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर साल मऊ पडते. मी वर्षानुवर्षं "मीठ शेवटी" असंच करत आले होते. राजमा एकदा मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिला आणि सवय बदलली. खायच्या सोड्याने कडधान्य लवकर शिजतं हे खरं, पण ब जीवनसत्त्वातलं थायमिन त्याने जातं आणि चव साबणासारखी होते. अगदी चिमटीभर, तेही नाइलाजाने.

मोड चांगले कसे आणायचे?

भिजवा, पाणी पूर्ण निथळा, सुती फडक्यात सैलसर बांधा, ते चाळणीत ठेवा आणि वर झाकण. फडकं ओलसर हवं, ओलं नको. पाणी साचलं की दाणे कुजतात, हवा मिळाली नाही तर वास येतो. मुंबईच्या हवेत मटकीला बारा तासांत मोड येतात, नाशिकच्या डिसेंबरात दोन दिवसही लागतात. तेव्हा पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतात. डाळीला मोड येत नाहीत, कारण भरडताना कोंब तुटतो.

वालाला मोड आल्यावर कोमट पाण्यात घाला, पाच-दहा मिनिटांनी साल सुटते, अंगठ्याने दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर. किलोभर वाल सोलायला दोन माणसं आणि चांगल्या गप्पा लागतात.

मोड आलेली कडधान्यं कच्ची खावीत का?

मोड येताना क जीवनसत्त्व तयार होतं, पोटात वारा करणाऱ्या शर्करा आणि लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं. इथपर्यंत सगळं खरं. पण दाण्याला मोड यायला जी उबदार, दमट हवा लागते तीच जंतूंनाही लागते. 2011 साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. घरचे, स्वच्छ पाण्यातले, ताजे मूग निरोगी माणसाने कोशिंबिरीत खाल्ले तर मी अडवणार नाही. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, आजारी माणूस यांना वाफ काढूनच द्या. वाल आणि राजम्याचे मोड कोणालाही कच्चे देऊ नका.

चैत्रातली कैरीची डाळ तर कच्चीच असते, तिचं काय?

ती हरभऱ्याची आहे म्हणून चालतं. हरभऱ्यात राजम्यातला घातक घटक (पुढच्या प्रश्नात पाहा) नगण्य असतो, आणि डाळ चार-पाच तास भिजवून, भरड वाटून, कैरी घालून थोडीच खाल्ली जाते. पोटाला जड आहे हे खरं. हळदीकुंकवाला एका दुपारी पाच घरी डाळ आणि पन्हं घेऊन आलेल्या बाईला विचारा.

कच्चा राजमा विषारी असतो असं ऐकलं. खरं?

खरं. राजम्यात, आणि लाल राजम्यात सर्वांत जास्त, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. उपाय सोपा: किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा, आणि मऊ होईपर्यंत शिजवा. आपल्या कुकरमध्ये तापमान उकळबिंदूच्या वर जातं, त्यामुळे काळजी नाही. धोका आहे तो मंद आचेवर दिवसभर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यांचा, जी परदेशात घरोघर असतात. त्यात पाणी उकळतच नाही आणि अर्धवट तापलेल्या राजम्याचं विष कच्च्याहून वाढलेलं आढळलं आहे. अशा भांड्यात टाकायचाच असेल तर आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळून मग टाका.

लाखेची डाळ खावी की नाही?

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे हिला लाख किंवा लाखोळी म्हणतात. धान कापायच्या सुमारास ओल्या बांधीत बी फेकलं की नांगरट न करता पीक येतं. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचं वरण होतं, वडे होतात. वाईट नाव पडलं ते तिच्यातल्या एका मज्जाविषामुळे. महिनोन्‌महिने लाखच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतलं बळ जातं, आणि गेलेलं परत येत नाही. दुष्काळात बाकी सगळी पिकं जळायची, ही एकटी तगायची; गरीब माणूस मग हिच्यावरच दिवस काढायचा. मजुरीत लाखच मिळायची अशीही रीत होती. म्हणजे विष दाण्यात होतं, पण माणसाला पांगळं केलं ते दुसरं काही खायला नसण्याने.

1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, तरी शेतात ती राहिली. पुढे विष कमी असलेले वाणही काढले गेले. कधीमधी, भात-भाजीबरोबर, भिजवून पाणी फेकून खाणाऱ्याला भीती नाही, असं माझं मत आहे. पण तूरडाळीत किंवा बेसनात ती गुपचूप मिसळून विकणं ही फसवणूक आहे. अख्खा दाणा ओळखायचा तर तो कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, एका बाजूला निमुळता असतो, तुरीचा गोल.

कडधान्य खाल्लं की पोट फुगतं. काय करू?

कडधान्यात रॅफिनोज घराण्यातल्या शर्करा असतात. त्या पचवायचं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नाही, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जंतू त्यांच्यावर जेवतात. वायू ही त्यांची ढेकर. भिजवलेलं पाणी फेकणं आणि मोड आणणं हे दोन खरे उपाय. हिंग, आलं, ओवा यांनी आराम वाटतो. एरवी कडधान्य न खाणाऱ्याने एकदम वाटीभर छोल्यांनी सुरुवात करू नये. धुतलेल्या मूगडाळीपासून चढत जावं, पोटातले जंतूही हळूहळू रुळतात. आजाऱ्याला आपण मुगाचं कढण देतो आणि वालाचं बिरडं देत नाही, त्यातच क्रम सांगितलेला आहे.

रोज वरण खाल्लं की प्रथिनं पुरतात ना?

वाळलेल्या 100 ग्रॅम कडधान्यात साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये 35 च्या वर. पण वरणात डाळ किती असते? चार माणसांना एक वाटी डाळ आणि बाकी पाणी, असं वरण करून "आम्ही डाळ खातो" म्हणण्यात अर्थ नाही. घट्ट वरण करा, किंवा जोडीला उसळ, पिठलं, मूगडाळीची धिरडी असं काही ठेवा.

डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी. भात, ज्वारी, गव्हात नेमकं उलट. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी या जोड्या टिकल्या. दोन्ही एकाच घासात हवेत असं नाही, दिवसभरात आले तरी पुरे. वर लिंबू पिळतो तेही कामाचं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह अंगी लागतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

कुळीथ आणि हुलगे वेगळे आहेत का?

एकच. कोकणात, गोव्यात कुळीथ. घाट चढला की हुलगे. कोकणात कुळीथ भाजून, भरडून, दळून पीठ करतात आणि त्याची पिठी भातावर घेतात. देशावर हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळतात, लसणीच्या झणझणीत रश्श्यात उकळतात. आजारातून उठलेल्याला हुलग्याच्या पिठाचं माडगं, म्हणजे पातळ पेज, देतात. इंग्रजांनी याला घोड्याचा चणा असं नाव दिलं आणि शहरी माणसाने ते मनावर घेतलं. घोड्याला बरं-वाईट जास्त कळत असावं.

शेतकरी कडधान्याचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला का म्हणतात?

मुळं उपटून पाहा, त्यांवर बारीक गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम जंतू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पीक निघाल्यावर मुळं आणि पाला जमिनीत कुजतो, पुढच्या पिकाला नत्र मिळतो. म्हणून कापसात तुरीच्या ओळी, बाजरीत मटकी-हुलगे.

थंडीत नेमकं काय खावं?

ओलं असेल ते सगळं. वाळलेला दाणा वर्षभर आहे, ओला दाणा दोन महिन्यांचा पाहुणा. भोगीच्या भाजीत ओला हरभरा, पावटा, मटार, भुईमूग एकत्र येतात ते हंगामामुळे. हरभऱ्याचे घाटे भरले की झाडं उपटून शेतातच जाळावर भाजायची, हातावर चोळून काळे दाणे खायचे. तो हावळा, मराठवाड्यात हुळा. तोंड काळं झाल्याशिवाय तो खाल्ला असं म्हणत नाहीत. पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवून दवाबरोबर त्याची आंब गोळा करायची पद्धत होती, पोटदुखीवर द्यायचे.

आमच्या रायगडात पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, कोणी अंडी-कोंबडी घालतं, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. पाणी अजिबात नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. वालाला कडू म्हणणाऱ्या कोरेगावकरांना मी एकदा जानेवारीत माहेरी नेलं, त्यानंतर तो विषय निघालेला नाही.

डाळ आणि डाळं यांत फरक आहे की लिहिण्याची चूक?

फरक आहे. हरभऱ्याची डाळ कच्ची. डाळं म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याची, फुटाण्याची डाळ, पंढरपुरी म्हणून मिळते ती. चिवड्यात डाळं, डाळ टाकलीत तर दात जपा.

परदेशातल्या दुकानात आपली कडधान्यं कशी ओळखायची?

तूर म्हणजे पिजन पी, मटकी मॉथ बीन, चवळी ब्लॅक-आय, वाल हायसिंथ किंवा लॅबलॅब, कुळीथ हॉर्स ग्राम. पिंटो, नेव्ही, ब्लॅक बीन, किडनी ही सगळी राजम्याचीच भावंडं, जात एकच. त्यामुळे राजम्याचे सगळे नियम त्यांना लागू. ब्लॅक बीन म्हणजे उडीद नव्हे, त्याचा डोसा होणार नाही. बटर बीन म्हणजे आपली डबल बी. डाळिंब्या मिळत नसतील तर बाकला, म्हणजे फावा बीन, सोलून बिरडं करता येतं. कडसरपणा नाही, पण पोत जवळ जातो. एकच खबरदारी: जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात उणीव असलेल्यांना बाकला बाधतो, रक्तपेशी फुटतात.

डब्यात भुंगेरे होतात. कसं साठवू?

दाण्यावर पांढरा ठिपका दिसला की समजा अंडं घातलेलं आहे, आणि ते पुष्कळदा शेतातूनच आलेलं असतं. अळी आत पोखरते, भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणून आणल्याबरोबर कडक उन्हात दोन-तीन दिवस पसरा, गार झाल्यावरच भरा. गरम भरलं तर डब्यात पाणी सुटतं. डाळीला एरंडेलाचा हात लावतात, वालाला राख. थोडंसंच असेल तर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडीसुद्धा मरतात. फक्त बियाणं म्हणून ठेवायचं असेल तर वेगळं काढून राखेतच ठेवा, त्यावर तुमच्या नावाची आणि जातीच्या नावाची चिठ्ठी लावा. माझ्या डब्यावर आईने "वाल" लिहिलंय आणि त्याखाली सासूबाईंनी पेन्सिलीने "(पावटा)".